खुर्ची, भीती आणि हसू



न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या महाराष्ट्रात एक चांगला पायंडा पडला आहे. उन्हाळ्याच्या दिवसांत, काम आटोपल्यावर, गावच्या लोकांनी एकत्र बसावे आणि कोणी तरी काही अभ्यासून सांगावे. हे 'कोणी तरी' म्हणजे बहुधा प्राध्यापक असतात. मी प्राध्यापक नाही, चित्रपटांचा समीक्षकही नाही. माझे दिवस कामगारांच्या सभांत, निवेदने लिहिण्यात आणि कामगार न्यायालयाच्या पायऱ्या चढण्याउतरण्यात गेले. जे वाचले ते रात्री वाचले आणि जे पाहिले ते सवडीने पाहिले. तेव्हा 'हुकूमशाहीतील सत्तास्पर्धा आणि तिच्यावरचे विनोदी चित्रपट' हा विषय चालकांनी माझ्याकडे का द्यावा, असा प्रश्न आपणांस पडला असेल. माझे उत्तर सोपे आहे. कामगार चळवळीतील माणसाला खुर्चीचे दर्शन रोज घडते. तो बहुतेक वेळा तिच्या समोर उभा असतो एवढेच. आणि खुर्ची नीट दिसते ती समोरूनच.

आता पहिली शंका अशी की, हुकूमशाही हा काय हसण्याचा विषय आहे? जेथे माणसे रातोरात नाहीशी होतात, तेथे विनोद सुचतो कसा? ही शंका रास्त आहे. पण आपल्या लोकपरंपरेकडे जरा पाहा. जत्रेतल्या तमाशात वग लागतो. त्यात राजा असतो, प्रधान असतो, कोतवाल किंवा हवालदार असतो आणि सोंगाड्या असतो. राजा मोठ्या ऐटीत दरबार भरवतो. सोंगाड्या त्याला मुजरा करता करता असे काही बोलून जातो की, राजाचा मुकुट डोक्यावरच राहतो, पण राजेपण गळून पडते. वसंत सबनिसांचे 'विच्छा माझी पुरी करा' 1965 साली रंगभूमीवर आले आणि दादा कोंडक्यांनी ते गाजवले. त्यात दुसरे काय होते? कोतवालीच्या खुर्चीवरून चाललेली धडपडच होती. खाडिलकरांचे 'कीचकवध' तर 1907 सालचे. ते विनोदी नव्हे. पण कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झनला पाहायचे, हे प्रेक्षकांना कोणी शिकवावे लागले नाही. सरकारलाही ते कळले आणि 1910 मध्ये त्या नाटकावर बंदी आली. सांगायचे तात्पर्य असे की, सोंगाआडून सत्तेकडे पाहण्याची विद्या आपल्याकडे बाहेरून आलेली नाही.

मॉस्कोतील आठ दिवस

तरीपण प्रथम बाहेरचे एक उदाहरण घेतो, कारण रोगाचे पूर्ण लक्षण तेथे दिसते. 2017 साली आर्मांडो इआनुची या दिग्दर्शकाचा 'द डेथ ऑफ स्टालिन' हा चित्रपट आला. एका फ्रेंच चित्रकथेवरून तो घेतला आहे. मूळ घटना अशी. 1953 च्या मार्च महिन्याच्या पहिल्या तारखेस, मॉस्कोजवळच्या आपल्या बंगल्यात स्टालिन खोलीबाहेर आला नाही. पहारेकरी दाराशी उभे. दिवस उलटला. पण आत जाण्याचे कोणाला धैर्य होईना, कारण न बोलावता आत जाणे हाच गुन्हा ठरेल अशी धास्ती. रात्री उशिरा आत जाऊन पाहतात तो सर्वसत्ताधीश जमिनीवर पडलेला, वाचा गेलेली. मग मंत्री आले, पण डॉक्टर यायला दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडली. मॉस्कोतील नामांकित डॉक्टरांपैकी कित्येक जण त्या वेळी तुरुंगात होते. पुढाऱ्यांच्या खुनाचा कट केल्याचा आरोप त्यांच्यावर त्याच वर्षीच्या जानेवारीत ठेवण्यात आला होता. 5 मार्च रोजी स्टालिन मरण पावला.

ज्याच्या भीतीने अर्धे जग कापत होते, तो माणूस त्याच भीतीपायी तासन्‌तास वैद्याविना पडून राहिला. यात विनोद घालावा लागत नाही. तो त्या घटनेतच आहे. दिग्दर्शकाने फक्त दिवा धरला आहे.

यानंतर खुर्चीची झोंबाझोंबी सुरू होते. गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया, पक्षातला ख्रुश्चेव्ह, गोंधळलेला मालेन्कोव्ह, जुना मोलोटोव्ह. मोलोटोव्हची बायको स्टालिनने कैदेत टाकली आहे आणि तरीही हा गृहस्थ स्टालिनचे गुणगान थांबवत नाही. का? खरोखरच भक्ती आहे, की भीती इतकी मुरली आहे की तिचीच भक्ती झाली आहे? चित्रपट उत्तर देत नाही आणि मलाही ते देता येणार नाही. त्यात समितीच्या बैठकीचा एक प्रसंग आहे. ठराव मांडला जातो. मतासाठी हात वर करायचे आहेत. प्रत्येक जण दुसऱ्याच्या कोपराकडे पाहतो. एक हात अर्धा वर जातो आणि थांबतो. दुसरा निघतो, तो पहिल्याची गती पाहून. अखेर सर्व हात वर जातात आणि ठराव 'एकमताने' संमत होतो. मतदान झाले, पण मत कोणाचेच नव्हते. हा प्रसंग आपण ध्यानात ठेवावा. मी त्याच्याकडे पुन्हा येणार आहे.

प्रत्यक्षात बेरियास जूनच्या 26 तारखेस अटक झाली आणि डिसेंबरात त्याला गोळी घालण्यात आली. चित्रपटाने हे सारे काही दिवसांत आवळून घेतले आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ही तफावत लक्षात घ्यावी. पण त्याहूनही बोलकी गोष्ट पुढे घडली. 2018 च्या जानेवारीत हा चित्रपट रशियात लागावयाचा होता. त्याला दिलेली परवानगी अवघे दोन दिवस आधी काढून घेण्यात आली. मृत्यूला 65 वर्षे होत आली होती, तरी हसण्याची भीती जिवंत होती.

हुकूमशहाची खिल्ली उडवणारा याच्या कितीतरी आधीचा चित्रपट म्हणजे चार्ली चॅप्लिनचा 'द ग्रेट डिक्टेटर', 1940 सालचा. पृथ्वीच्या गोळ्याचा फुगा करून त्याच्याशी खेळणारा तो हुकूमशहा आपणांपैकी अनेकांनी पाहिला असेल. शेवटी फुगा फुटतो. पण पुढे 1964 मध्ये आपल्या आत्मचरित्रात चॅप्लिनने लिहिले की, जर्मनीतील छळछावण्यांचे खरे स्वरूप तेव्हा माहीत असते तर हा चित्रपट आपण करू शकलो नसतो. एवढ्या मोठ्या विनोदकाराने विनोदाची शीव दाखवून दिली, हे आपण विसरता कामा नये. हसण्याने भीती उतरते, पण प्रेत उठत नाही.

आपल्या घरचा किस्सा

आता दूरच्या मॉस्कोहून घरी येऊ. आपल्याकडे हुकूमशाही आली होती काय? 25 जून 1975 ते 21 मार्च 1977 या काळात देशात अंतर्गत आणीबाणी होती. वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी बसली, हजारो माणसे खटल्याविना तुरुंगात गेली. माझ्या क्षेत्राचे बोलायचे तर कामगारांचा किमान बोनस 8.33 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आणला गेला आणि त्याविरुद्ध संप करण्याची सोय राहिली नव्हती. त्याच्या एकच वर्ष आधी, 1974 च्या मे महिन्यात, रेल्वेचा देशव्यापी संप झाला होता. तो कसा मोडला गेला, हे भुसावळच्या शेजारी राहणाऱ्या आपणां मंडळींना मी सांगायला नको.

याच काळात एका चित्रपटाचे जे झाले, ते कोणत्याही चित्रपटात शोभावे असे आहे. राजस्थानातून काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आलेले खासदार अमृत नाहाटा यांनी 'किस्सा कुर्सी का' नावाचा हिंदी चित्रपट काढला. खुर्चीसाठी चाललेल्या कारस्थानांवरची ती टीका होती. त्यात 'जनता' नावाची एक मुकी बाई होती. शबाना आझमींनी ती भूमिका केली. सगळे तिच्या नावाने बोलतात, तिला मात्र वाचा नाही. एप्रिल 1975 मध्ये चित्रपट तपासणी मंडळाकडे गेला. सरकारने त्यावर 51 हरकती काढल्या. तोवर आणीबाणी पुकारली गेली. चित्रपटाच्या प्रती आणि मूळ फिती सरकारने ताब्यात घेतल्या आणि पुढे त्या जाळल्या गेल्या. गुडगाव येथील मारुती मोटारीच्या कारखान्यात त्या जाळल्याचा आरोप झाला. संजय गांधी आणि त्या वेळचे माहिती व नभोवाणीमंत्री विद्याचरण शुक्ल यांच्यावर खटला चालला. 1979 च्या फेब्रुवारीत खालच्या न्यायालयाने दोघांना शिक्षा ठोठावली आणि 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडले. नाहाटांनी तो चित्रपट पुन्हा नव्याने काढला आणि तो 1978 मध्ये लागला.

जाणकार म्हणतात की, कलाकृती म्हणून हा चित्रपट सामान्य होता. असेलही. आणि मला वाटते, यातच खरा मुद्दा आहे. सामान्य विनोदालाही जी सत्ता भिते, ती आतून किती पोकळ झाली असेल! तो चित्रपट तसाच लागला असता तर चार आठवडे चालून विसरला गेला असता. फिती जाळल्या गेल्या म्हणून आज 50 वर्षांनंतर आपण यावलमध्ये बसून त्याचे नाव घेत आहोत.

त्या काळात महाराष्ट्रात भीती मोडण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत दोन साहित्यिकांची आठवण येथे केली पाहिजे. 1975 च्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध स्पष्ट बोलल्या आणि नंतर तुरुंगात गेल्या. आणि 1977 च्या निवडणुकीत पु. ल. देशपांडे यांनी प्रचारसभांतून भाषणे केली. महाराष्ट्राला हसवणारा माणूस मतपेटीसाठी व्यासपीठावर चढला. हसू आणि मतपेटी यांचे नाते त्या वेळी लोकांना दिसले, आणि मार्च महिन्यात लोकांनी निकालही दिला.

माणसांची भिंत

आता मराठी चित्रपट. पहिले नाव 'घाशीराम कोतवाल'. विजय तेंडुलकरांचे हे नाटक 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली प्रथम झाले. त्यावरून वादळ उठले आणि ज्या संस्थेने ते बसवले होते तिने ते थांबवले. मग त्या मुलांनी थिएटर अकॅडमी ही स्वतःची संस्था काढून ते पुन्हा उभे केले. 1976 मध्ये, म्हणजे आणीबाणी चालू असताना, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी युक्त फिल्म को-ऑपरेटिव्ह या नावाने सहकारी तत्त्वावर एकत्र येऊन त्याचा चित्रपट केला. पटकथा तेंडुलकरांचीच. नाना फडणवीस मोहन आगाशे आणि घाशीराम ओम पुरी.

हे इतिहासाचे नाटक नव्हे, असे तेंडुलकरांनी स्वतः स्पष्ट केले होते. ते खरेच आहे. नाना फडणविसांची मुत्सद्देगिरी इतिहासकारांनी तपासावी, त्यासाठी नाटक पुरावा होत नाही. पण सत्ता कशी चालते हे मात्र त्यात आहे. नानाला एक माणूस हवा असतो. शहराला जो भिववील, लोकांचा द्वेष जो आपल्या अंगावर घेईल आणि वेळ आली की ज्याला लोकांच्या हवाली करता येईल, असा माणूस. घाशीराम अपमानाने जळत असतो, त्याला सूड हवा असतो. दोघांचा सौदा जमतो. सूड उगवता उगवता घाशीराम स्वतःच पिळवटून जातो. आणि 1791 मध्ये, कोठडीत कोंडलेली माणसे गुदमरून मेली तेव्हा खवळलेल्या लोकांच्या हाती तो दिला जातो. नाना जागच्या जागी. कारखान्यांतून वावरलेल्या माणसाला हे नवीन नाही. कामगारांना शिव्या घालणारा मुकादम मालकाला फार उपयोगी असतो, कारण संताप मुकादमापाशी अडतो. एके दिवशी मालक मुकादमाला काढतो, कामगार टाळ्या पिटतात आणि पगार होता तेवढाच राहतो.

या नाटकात ब्राह्मणांची एक रांग आहे. ती कधी भिंत होते, कधी पडदा होते. ती गाते, नाचते, डुलते आणि पाठ फिरवली की मागचे सारे झाकते. तेंडुलकरांना भिंत दाखवायची होती, तर विटांची दाखवता आली असती. त्यांनी ती माणसांची केली. नाना आणि घाशीराम यांच्यावर आपण खूप बोलतो. पण अत्याचार झाकला जातो तो या भिंतीमुळे, आणि ही भिंत आपल्यासारख्या सभ्य, गाणी आवडणाऱ्या माणसांची असते.

दुसरे नाव 'सामना'. दिग्दर्शक जब्बार पटेल, लेखक तेंडुलकर, निर्माते रामदास फुटाणे. 1975 साली तो बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात स्पर्धेसाठी गेला होता. यात मंत्रालय नाही, राजधानी नाही. एक गाव आहे, साखर कारखाना आहे आणि हिंदूराव धोंडे पाटील आहेत. निळू फुल्यांनी हे पाटील असे रंगवले आहेत की, त्यांच्याविषयी तिरस्कार वाटण्याआधी माया वाटते. ते दिलदार आहेत, पाहुणचार करणारे आहेत, त्यांना कोणी 'नाही' म्हणत नाही. त्या गावात एक दारूडा, थकलेला, जुना गांधीवादी मास्तर येतो. ही भूमिका श्रीराम लागूंची. पाटील त्याला ठेवून घेतात, खाऊपिऊ घालतात. मास्तरच्या कानावर एक नाव पडते, मारुती कांबळे. तो विचारतो, या मारुती कांबळेचे काय झाले? कोणी बोलत नाही. तो पुन्हा विचारतो. बस्स, इतकेच. मास्तरच्या हाती ना बंदूक, ना पक्ष, ना पैसा. पण या एका प्रश्नाने त्या साम्राज्याची झोप उडते.

सिंहासन

आणि आता 'सिंहासन', 1979. दिग्दर्शक पुन्हा जब्बार पटेल, पटकथा तेंडुलकरांची आणि आधार अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' व 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांचा. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, त्यांची खुर्ची ओढू पाहणारे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे म्हणजे श्रीराम लागू आणि हे सारे पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस म्हणजे निळू फुले.

येथे कोणी म्हणेल, 'सिंहासन' तर लोकशाहीतले चित्र आहे. हुकूमशाहीवरच्या व्याख्यानात ते कशाला? आक्षेप बरोबर आहे आणि त्याच्या उत्तरातच माझ्या आजच्या बोलण्याचे सार आहे. मॉस्कोतील ती बैठक आणि मुंबईतील हे राजकारण शेजारी शेजारी ठेवून पाहा. कानगोष्टी त्याच. रात्रीचे टेलिफोन तेच. सकाळी एकाच्या गोटात, संध्याकाळी दुसऱ्याच्या, हेही तेच. हसण्याजोगे जे आहे ते दोन्हीकडे सारखेच आहे. मग फरक कोठे आहे? फरक एवढाच की, मॉस्कोत हरलेल्याला गोळी मिळते आणि मुंबईत हरलेल्याला दुसरे खाते मिळते, किंवा फार तर घरी बसावे लागते.

'एवढाच' म्हणालो खरा, पण बंधुभगिनींनो, हा फरक जगातल्या सगळ्या फरकांत मोठा आहे. तो फुकट मिळालेला नाही. 1936 च्या डिसेंबरात आपल्याच तालुक्यात, फैजपूरला, पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. त्या दिवशी खानदेशातील शेतकरी जे मागायला जमले होते, त्यात हेही होते की, राज्य करणाऱ्याला बदलता यावे आणि बदलताना रक्त सांडू नये.

म्हणून मी एक कसोटी सांगतो. कोणत्याही राज्याची, पक्षाची, संस्थेची, कारखान्याची परीक्षा करायची असेल तर तेथे जिंकलेल्याकडे पाहू नका. हरलेल्याचे काय होते, आणि प्रश्न विचारणाऱ्याचे काय होते, एवढे पाहा. बेरिया हरला आणि मेला. घाशीराम वापरून झाला आणि मेला. मारुती कांबळे नाहीसा झाला, आणि तो हुकूमशाहीत नव्हे, निवडणुका होत असलेल्या देशातील एका गावात नाहीसा झाला. दाभाडे मात्र जिवंत राहतात, पुढच्या डावाची वाट पाहतात. त्यांच्यावर आपण निर्धास्त हसू शकतो याचे कारणच हे आहे.

'सिंहासन'मध्ये माझ्या धंद्यातले एक पात्र आहे. डिकास्टा नावाचा कामगारपुढारी. सतीश दुभाषींनी ते केले आहे. डिकास्टा लढाऊ आहे, बोलण्यात धार आहे. पण सत्तेच्या पटावर त्याच्या संपाची ताकद दोन्ही बाजू आपापल्या हिशेबात धरतात. कामगार मैदानात घोषणा देतो, तेव्हा त्याला वाटते की आपण इतिहास घडवत आहोत. आणि तिकडे बंगल्यावर कोणी तरी त्याची गणती सोंगटी म्हणून करत असते. चित्रपट लागल्यानंतर तीनच वर्षांनी, 18 जानेवारी 1982 रोजी, डॉक्टर दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्याच्या मुळाशी वेतनाचे आणि बोनसचे प्रश्न होते, आणि एक कायद्याचा प्रश्नही होता. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे गिरणी कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला होता, आणि ती कोणती हे कामगारांच्या गुप्त मतदानाने ठरत नसून सभासदसंख्येच्या तपासणीने ठरत होते. अडीच लाख माणसे रस्त्यावर होती आणि कायद्याच्या लेखी त्यांचे तोंड दुसरेच कोणी होते. नाहाटांच्या चित्रपटातील ती मुकी जनता आपणांस आठवली असेल.

आपल्या सभागृहातील टाळ्या

मंत्र्यांवर हसणे सोपे असते. आता थोडे आपल्याकडे पाहू. सोल्झेनित्सिन या रशियन लेखकाने 'गुलाग आर्किपेलॅगो' या ग्रंथात एक हकीकत दिली आहे. एका सभेत स्टालिनच्या नावाने टाळ्या सुरू झाल्या. थांबायचे कोणी? जो पहिल्यांदा थांबेल त्याची निष्ठा कमी. तीन मिनिटे, पाच मिनिटे, दहा मिनिटे टाळ्याच. 11 व्या मिनिटाला कागद कारखान्याचा व्यवस्थापक खाली बसला आणि तत्क्षणी सारे सभागृह बसले. त्याच रात्री त्या व्यवस्थापकाला अटक झाली.

ही गोष्ट वाचताना मला एक सभा आठवली. एका कामगार संघटनेची ती वार्षिक सभा होती. अध्यक्ष बरीच वर्षे तेच होते. मी पाहुणा म्हणून व्यासपीठावर होतो. हिशेबाचा विषय आला. चिटणिसांनी विचारले, 'मंजूर?' टाळ्या पडल्या. मागच्या बाजूला एक म्हातारा फिटर उभा राहिला आणि म्हणाला, 'साहेब, हिशेब वाचून तर दाखवा.' सभागृहात हशा पिकला. तो बिचारा बसला. जेवणाच्या वेळी मी पाहिले, त्याच्या पंगतीत दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या होत्या. अटक नाही, गोळी नाही. दोन रिकाम्या पाटांनी काम भागले. आणि ध्यानात घ्या, तेथेही हसू होते. पण ते हसू खुर्चीवर नव्हते, ते खुर्चीच्या बाजूने होते.

म्हणजे हसू दोन प्रकारचे असते. सोंगाड्याचे हसू वर जाते, राजाकडे. दरबाऱ्यांचे हसू खाली येते, प्रश्न विचारणाऱ्याकडे. पहिल्याने भीती उतरते, दुसऱ्याने ती पक्की होते. आपण कोणते हसू हसतो आहोत, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

आणखी एक तिसरे हसू आहे, आणि मला त्याची सर्वांत जास्त काळजी वाटते. 'सिंहासन'च्या शेवटी सारा खेळ पाहून दिगू टिपणीस वेड्यासारखा हसत सुटतो. तो हसतो कारण त्याला सारे कळले आहे आणि त्याला काहीच करता येत नाही. तेंडुलकर आणि पटेल यांनी ते हसू आपल्याला भ्यावे म्हणून दाखवले. पण अनेक प्रेक्षकांनी ते आपलेसे केले. 'सगळे मेले सारखेच' म्हणत ते थिएटरातून बाहेर पडले आणि निश्चिंत झोपले. मी सभांतून हे वाक्य इतक्या वेळा ऐकले आहे की, त्याचा उपयोग कोणाला होतो हे मला आता पाठ झाले आहे. सगळे सारखेच असतील तर मतदानाला कशाला जायचे? सगळे सारखेच असतील तर हिशेब कोणाला विचारायचा? सभासदांनी असे म्हटले की, जो खुर्चीवर आहे तो सुखाने पान खातो. शिवाय हे वाक्य खोटे आहे. गोळी आणि खातेबदल सारखे नव्हेत. मारुती कांबळे आणि दाभाडे सारखे नव्हेत. जो हा फरक पुसतो तो नकळत मॉस्कोचा रस्ता मोकळा करतो.

मग करायचे काय? मी चळवळीतला माणूस, त्यामुळे ठराव मांडल्याशिवाय खाली बसणे मला जमत नाही. मॉस्कोच्या बैठकीतले ते कोपर आठवा. हात वर करून घेतलेल्या मतात शेजारच्याची भीती मिसळते, चिठ्ठीवर दिलेल्या मतात ती मिसळत नाही. म्हणून आपली पतपेढी असो, दूध सोसायटी असो, शाळेची संस्था असो, कामगार संघटना असो, पदाधिकारी निवडताना गुप्त मतदानाचा आग्रह धरा. बिनविरोध निवड झाली की आपण हार घालतो. हार जरूर घाला, पण विरोधात उभे राहायला कोणी का आले नाही, हे एकदा विचारा. हिशेब वाचून दाखवा म्हणणाऱ्याच्या शेजारी जेवायला बसा. आणि निवडणूक झाल्यावर जो हरला असेल त्याच्या घरी जाऊन चहा घ्या. लोकशाही टिकवण्याचा याहून स्वस्त उपाय मला ठाऊक नाही.

हे चित्रपट आता कोणालाही घरबसल्या पाहता येतात. 'सामना' आणि 'सिंहासन' मुलांना दाखवा, घरी एकत्र बसून पाहा, पोट धरून हसा. मात्र हसून झाल्यावर लगेच उठू नका. मुलांना विचारा, यात हरला कोण आणि त्याचे पुढे काय झाले? मास्तराने विचारला तसा तो प्रश्न एकदा घराघरांत रुजला, तर कोणत्याही खुर्चीला तो पुरून उरेल.

 आता प्रश्न विचारावेत. विचारणाऱ्याच्या शेजारची जागा रिकामी राहणार नाही, एवढी जबाबदारी आपण सर्वांनी घ्यावी, अशी विनंती करून मी माझे भाषण संपवतो.